नाताळच्या दिवशीचं कुलूप

कॉलवर्डीन
६ सप्टेंबर २००९

प्रिय ग्वेंडा,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट फाडलंस म्हणजे माझं अर्धं काम झालं.

कुणी गेलेलं नाही, घाबरू नकोस. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. लँग्रिजच्या वकिलाचं पत्र आलं तर त्याला उत्तर देऊ नकोस.

लँग्रिज म्हणजे ब्रॉकहिलचा नवा मालक. बाबा मृत्युपत्र न करता गेले, म्हणून चार वर्षांपूर्वी शेत विकताना तुझीही सही लागली होती. त्याच कागदांवर त्याचं नाव असेल आणि तुझा पत्ताही त्याला तिथूनच मिळेल. माणूस तसा वाईट नाही. आपल्या गोठ्याच्या जागी त्याने काचेची खोली बांधली आहे, तिथे बसून तो घोड्यांकडे बघतो. पण दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याने लांब कुरणाच्या फाटकाला कुलूप ठोकलं आणि वर ‘खासगी’ अशी सुबक पाटी लावली. चर्चकडे जाणारी पायवाट बंद.

गावाने पहिले तीन महिने हवापाण्याच्या गप्पा मारून राग काढला. तुला ठाऊकच आहे, इथे माणूस जितका चिडतो तितका नम्र होतो. रोलंड बेव्हन आता गावसमितीचा अध्यक्ष आहे, ‘प्लाऊ’ पबचा गल्लाही अजून तोच सांभाळतो. तो लँग्रिजला इतकं गोड ‘सुप्रभात’ म्हणायला लागला की मलाच त्या लँग्रिजची काळजी वाटायला लागली.

मग जीनला गाडीने उडवलं. जीन हॉडनेटच. तुला हे नाव वाचायला आवडणार नाही, पण तिला वगळून या गावाचं काही सांगता येत नाही. शनिवारी ती चर्चमध्ये फुलं मांडायला जाते. पायवाट बंद झाल्यापासून तिला रस्त्याने जावं लागतं, आणि आपला रस्ता कसा आहे ते मी सांगायला नको. दोन्हीकडे डोक्याएवढे बांध, अंग चोरायला जागा नाही. कुणाच्या तरी ट्रेलरचा कोपरा लागला आणि खुब्याचं हाड मोडलं. ट्रेलरवाला थांबलासुद्धा नाही. फुलांसकट पडली होती बिचारी, वीस मिनिटं.

त्यानंतर गाव उठलं. अर्ज झाले, आता बावीस ऑक्टोबरला गावच्या हॉलमध्ये सुनावणी आहे. बेव्हनने माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझाच केक खात मला कायदा समजावला. “हे बघ थेल्मा, वाट बंद झाली त्या दिवसापासून मागची वीस वर्षं मोजायची. तेवढी वर्षं लोक कुणाला न विचारता, कुणी न अडवता चाललेत, तर वाट गावाची. पण मालकाने त्यात एक दिवस जरी अडवलं आणि अडवलेलं कुणी पाहिलं, तर सगळं पाण्यात.”

“आणि कुणी पाहिलंच नसेल तर?”

“मग ते अडवणं कसलं? रिकाम्या रानात कुलूप लावून काय उपयोग?”

अडतीस जणांनी लिहून दिलं आहे की फाटक कधी बंद दिसलं नाही. खोटं कुणीच बोललेलं नाही. बाबा वर्षातून एकदा, नाताळच्या दिवशी, कुलूप लावायला सांगायचे. आजोबांना त्यांच्या वकिलाने शिकवलेली ती युक्ती, वाट आपल्याच मालकीची राहावी म्हणून. पण नाताळच्या दुपारी कॉलवर्डीनमध्ये कोण बाहेर पडतं? सगळे जेवून पेंगत असतात.

मागची वीस वर्षं म्हणजे मार्च १९८७ पासून. त्या काळात फाटक बंद असलेलं कुणी पाहिल्याचं मला माहीत नाही. तुला काही माहीत असेल तर ते तुझ्यापाशीच ठेव, एवढंच माझं म्हणणं आहे. गावासाठी म्हणते आहे, माझ्यासाठी नाही.

तुझी बहीण,
थेल्मा

ता. क. गायी गेल्या, गुडघे गेले. मी खालच्या छोट्या घरात राहते. टपाल वेळेवर येतं.


कॉलवर्डीन
२४ सप्टेंबर २००९

प्रिय ग्वेंडा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा केली होती असंही नाही, तरी रोज दाराशी जाऊन बघते.

लँग्रिजचा वकील परवा माझ्याकडे येऊन गेला. तरुण आहे, बूट चांगले होते, त्यांना चिखल लागल्याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याने विचारलं, “तुमचे वडील वर्षातून एकदा फाटक बंद करायचे, असं आमच्या ऐकण्यात आलंय.”

“कुणाकडून ऐकलंत?”

“ते महत्त्वाचं नाही.”

“मग माझं उत्तरही महत्त्वाचं नाही. मला आठवत नाही.”

“काहीच आठवत नाही?”

“मी पासष्ट वर्षांची आहे हो. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.” चष्मा माझ्या नाकावर होता. त्याने तो पाहिला, हसला आणि निघून गेला.

तो गेल्यावर मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र आठवून बघितलं, आणि त्यातली एक ओळ मला टोचायला लागली. मी लिहिलं होतं की फाटक बंद असलेलं कुणी पाहिल्याचं मला माहीत नाही. ते खरं नाही. सत्त्याऐंशीच्या नाताळला तू आणि क्लाइव्ह आला होतात हे मला माहीत आहे. चर्चपाशी परकी गाडी उभी होती असं नंतर कुणीतरी म्हणालं, त्यावरून मी ओळखलं. तुम्ही पायवाटेने आलात, कारण रस्त्याने आलं की जीनच्या दारावरून यावं लागतं. जिच्या नवऱ्याला घेऊन गेलीस तिच्याच दारावरून बाळाची गाडी ढकलत यायचं धाडस तुला झालं नाही, त्यात मी तुला दोष देत नाही.

त्या दिवशी कुलूप होतं. बाबांनी दर वर्षीसारखं सांगितलं आणि मी दर वर्षीसारखं लावलं. त्यात तुझ्यासाठी वेगळं काही नव्हतं, एवढंच तुला कळावं असं मला वाटतं. बाबा कसे होते तुला माहीत आहे. क्लाइव्ह पळाल्यावर त्यांनी जीनला गोठेवाल्याच्या घरातून बाहेर काढलं नाही, मरेपर्यंत तिच्याकडून भाडंही घेतलं नाही. तुझं नाव मात्र घरात काढू दिलं नाही. त्यांच्या अंत्यविधीला तू मागच्या बाकावर बसली होतीस. मी वळून पाहिलं होतं. बोलायला हवं होतं.

काल जीनकडे गेले होते. खुर्चीत बसून दात-ओठ खात व्यायाम करते. मला म्हणाली, “तुला माहीत आहे, मी त्या पायवाटेने का जायला लागले? तो गेला त्या वर्षी रस्त्याने निघाले की सगळ्या खिडक्यांचे पडदे हलायचे. कुरणात निदान गायीच बघायच्या. गायींना काय, त्या सगळ्यांकडेच तसं बघतात.”

“आता कुणी पडदे हलवत नाही गं.”

“आता? आता त्यांना वाटतं बघितलं नाही तर मला वाईट वाटेल.” आणि हसता हसता तिने खुबा धरला. “थेल्मा, मला ती वाट परत पाहिजे. बाकी मी या गावाकडे काही मागितलेलं नाही.”

म्हणून पुन्हा लिहिते आहे. तू तिचं काही देणं लागतेस असं मी म्हणणार नाही. तू स्वतःच म्हणशील.

थेल्मा


कॉलवर्डीन
११ ऑक्टोबर २००९

ग्वेंडा,

तर तू उत्तर दिलंस. मला नाही, त्याला.

काल बेव्हन कागदांचा गठ्ठा घेऊन आला, चेहरा आंबट ताक प्यायल्यासारखा. दोन्ही बाजूंना एकमेकांचे कागद आधी मिळतात म्हणे. “साक्षीदार क्रमांक चार, श्रीमती हॉडनेट,” त्याने वाचलं, “मी म्हटलं, आपली जीन त्या बाजूला कशी गेली! मग सही बघितली.”

तुझं निवेदन मी तीनदा वाचलं. छान लिहिलंस, कुठे एक शब्द जास्त नाही. ‘२५ डिसेंबर १९८७ रोजी दुपारी बारा वाजता मी, माझे दिवंगत पती आणि आमची आठ महिन्यांची मुलगी चर्चकडून पायवाटेने ब्रॉकहिलकडे गेलो. फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. त्याआधी मी वडिलांना पत्र लिहिलं होतं, की आम्ही नाताळला या वाटेने येऊ, तुमची इच्छा नसेल तर मी पुन्हा विचारणार नाही. कुलूप हेच त्यांचं उत्तर समजून आम्ही परत फिरलो.’

क्लाइव्ह गेल्याचं मला त्या दिवंगत या शब्दावरून कळलं. कळवायला हवं होतंस. जीनला मी सांगितलं. ती म्हणाली, “त्याच्या छातीत आधीपासूनच घरघर होती.” बस, तेवढंच.

मला तुझा राग आला होता. रात्रभर नुसती चरफडत होते. बावीस वर्षांत एक ओळ नाही, आणि बोललीस ती एका परक्या वकिलाशी. पण सकाळी राग ओसरल्यावर कळलं की मागच्या पत्रात मी आणखी एक खोटं लिहिलं होतं. चर्चपाशी गाडी दिसल्याचं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी तिथेच होते. फाटकापासून तीस पावलांवर, गवताच्या कोठारात. साखळी हलवल्याचा आवाज मी ऐकला. तू दोनदा हलवलीस. क्लाइव्ह म्हणाला, “चल ग्वेंडा, मिळालं उत्तर.” मग बाळाच्या गाडीची चाकं गोठलेल्या मातीवरून खडखडत गेली. चावी माझ्या एप्रनच्या खिशात होती.

आता ऐक, इथे काय चाललं आहे. तुझ्या कागदाने गावाचा खटला बुडतो. बंद फाटक पाहिलेला माणूस सापडला. काल संध्याकाळी बेव्हन पुन्हा आला, या वेळी केकला हात लावला नाही.

“थेल्मा, कुलूप लावायला तूच जायचीस ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळं गाव जाणतं, तुझे बाबा नाताळच्या दिवशी खुर्चीतून उठत नसत. तू एवढंच म्हण की त्या वर्षी लावलं नव्हतंस. तुझी बहीण तेव्हा दुःखात होती, थंडी होती, फाटक गोठून घट्ट बसलं असेल. माणसाची आठवण चुकते.”

“म्हणजे तिला खोटी ठरवू?”

“खोटी नाही गं. चुकलेली.” मग टोपी फिरवत म्हणाला, “ती इथे राहत नाही, थेल्मा. आपण राहतो.”

बेव्हन मनाने वाईट नाही. जीनला उचलून नेलं ते त्यानेच. आणि तो म्हणतो ते खरंच आहे, मला इथेच राहायचं आहे. या गावात माझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही, आणि शेजार आहे तो या लोकांचा. मी तुला चुकलेली म्हटलं तर जीनला वाट मिळेल. तू बरोबर आहेस म्हटलं तर वाट गेली, आणि ती मी घालवली असं चर्चच्या प्रत्येक बाकावर बोललं जाईल, तेही अतिशय सौम्य आवाजात.

मी अजून काही ठरवलेलं नाही. तू येणार नाहीस हे कागदावर लिहिलंच आहे. बरं झालं.

थेल्मा


कॉलवर्डीन
२३ ऑक्टोबर २००९

ग्वेंडा,

सुनावणी काल झाली. बेव्हनकडून किंवा त्या वकिलाकडून तुला अर्धवट कळण्याआधी मी लिहिते आहे. सावकाश वाच.

हॉल भरलेला होता. भाजीपाल्याच्या प्रदर्शनाच्या फिती अजून भिंतीवरच होत्या, त्यामुळे सरकारी निरीक्षकबाई ‘सर्वोत्तम गाजरं’ याच्या बरोबर खाली बसल्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती. सकाळभर एकेक जण उठून कुत्र्याला घेऊन कधी गेलो, बायकोशी भांडून कधी गेलो, ते सांगत होता. जीन आधाराची चौकट टेकत गेली आणि तीनच वाक्यं बोलली.

जेवणानंतर तुझं निवेदन वाचलं गेलं. वकिलाने सावकाश वाचलं. ‘कुलूप हेच त्यांचं उत्तर समजून’ इथवर तो आला. ग्वेंडा, मी ते घरी तीनदा वाचलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की बावीस वर्षं तू काय समजून जगलीस. बाबांनी तुला दारातून परतवलं, असं. आणि मी ते समजू दिलं.

मग माझं नाव पुकारलं. बेव्हन माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत होता.

निरीक्षकबाईंनी विचारलं, “त्या दिवशी फाटकाला कुलूप होतं का?”

मी म्हणाले, “होतं. माझी बहीण खरं बोलते. मी लावलं होतं.”

मागे खुर्च्या करकरल्या. वकील उठून उभा राहिला, खूश होता. “तुमच्या वडिलांच्या सांगण्यावरून, बरोबर?”

तिथे हो म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. सोपंही होतं. बहिणीला परतवल्याचा दोष माझ्यावर आला नसता, मी फक्त बापाचं ऐकणारी मुलगी ठरले असते. तुलाही मी मागच्या पत्रांत तेच लिहिलं आहे, दर वर्षीसारखं बाबांनी सांगितलं म्हणून.

मी म्हणाले, “नाही. त्या वर्षी त्यांनी लावू नको म्हणून सांगितलं होतं.”

निरीक्षकबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. “पुन्हा सांगाल का?”

“माझ्या बहिणीचं पत्र त्यांना मिळालं होतं. त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, ‘या वर्षी फाटक राहू दे.’ तेवढंच. मी ‘बरं’ म्हणाले. आणि नाताळच्या सकाळी दूध काढून झाल्यावर जाऊन कुलूप लावलं. ती आली तेव्हा मी कोठारात उभी होते. ती गेल्यावर काढलं. त्यांना कधी कळलं नाही. त्यांना वाटलं तीच आली नाही.”

“तुम्ही असं का केलंत?” त्यांना हे विचारायची गरज नव्हती, कायद्याला कारण लागत नाही. पण त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. तुलाही सांगते, तिथे सांगितलं त्याहून थोडं जास्त.

तू गेलीस त्या दिवशी गोठेवालाही तुझ्याबरोबर गेला. साठ गायी माझ्या एकटीच्या अंगावर आल्या. पहाटे चारला मी, संध्याकाळी चारला मी. बियाणं विकायला येणारा ॲलेक तुला आठवत असेल. त्याने मला लग्नाचं विचारलं होतं, त्याच वर्षी. मी नाही म्हणाले, बाबांना कोण बघणार म्हणून. त्याने दुसरी केली, आणि चांगली केली. मी त्रेचाळीस वर्षांची होते, माझ्या हातांना भेगा पडल्या होत्या आणि दोन वर्षांत बाबा मला एकदासुद्धा ‘दमलीस का’ म्हणाले नव्हते. आणि तुझं एक पत्र आलं, तर लगेच ‘फाटक राहू दे’. जणू तू दुकानात जाऊन आली होतीस. मला इतका राग आला ग्वेंडा, की साखळी घालताना माझी बोटं थंडीने दुखत होती तेसुद्धा मला बरं वाटलं.

वकिलाने बरीच धडपड केली. आधीच्या वर्षांत कुलूप कुणाच्या इच्छेने होतं? बाबांच्या. पण ती वर्षं मार्च सत्त्याऐंशीच्या आधीची म्हणून मोजायची नाहीत, आणि ती कुणी पाहिलीही नव्हती. नंतरच्या वर्षी? नंतर बाबांनी मला पुन्हा कधीच सांगितलं नाही. त्या नाताळनंतर फाटकाला कुलूप लागलं नाही ते थेट लँग्रिजने लावेपर्यंत. निरीक्षकबाई लिहीत होत्या. मालकाने अडवलं असेल तरच ते अडवणं, असं त्या वकिलाला म्हणाल्या. मालकाची मुलगी चिडली तर त्याला कायद्यात काही जागा नाही.

मी खाली बसले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. आधी तिथे पोस्टातली बाई बसली होती.

चहाच्या वेळी मी भिंतीशी उभी राहिले. सगळे अतिशय चांगले वागले. “छान बोललीस हं,” म्हणत बाजूने गेले, माझ्या खांद्यापलीकडे बघत. बेव्हनने दोनदा घसा साफ केला आणि आता दिवस लहान व्हायला लागले, असं म्हणाला. फक्त जीन आपली चौकट टेकत टेकत समोर आली.

“तो माझ्या दारावरून जायला घाबरला होय?” ती म्हणाली.

“हो.”

“घाबरायलाच पाहिजे होतं. मी लाटणं घेऊनच उभी राहिले असते.” मग ती म्हणाली, “पण बाळ होतं ना बरोबर? आठ महिन्यांचं?”

“होतं.”

“थंडी होती त्या वर्षी,” जीन म्हणाली. “थेल्मा, मला आज तुझ्याशी बोलवत नाही. पुढच्या आठवड्यात ये.” आणि तिने तिचा चहा माझ्या हातात दिला, कारण चौकट धरून कप नेता येत नव्हता, आणि मी तो तिच्या मागे मागे तिच्या खुर्चीपर्यंत नेला.

थेल्मा


कॉलवर्डीन
७ डिसेंबर २००९

प्रिय ग्वेंडा,

निकाल आला. वाट गावाची झाली. लँग्रिजने स्वतःच्या हाताने पाटी काढली आणि बेव्हनला ‘प्लाऊ’मध्ये पेय पाजलं, म्हणजे त्यालाही आता आपल्याकडची रीत कळायला लागली. शनिवारी जीन फुलं घेऊन कुरणातून गेली. मला खिडकीतून दिसली. तिने हात केला नाही, पण माझ्या घरासमोर येऊन दम खायला थांबली. तिला वाटलं असतं तर चार पावलं पुढे जाऊनही थांबता आलं असतं.

माझ्याशी गाव बोलतं. फुलांच्या यादीत माझं नाव होतं ते आता नाही, आणि कुणी ते काढलं असं नाही, नवी यादी करताना राहून गेलं. मी तक्रार करत नाही.

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. ‘त्यांनी खरंच फाटक राहू दे म्हटलं होतं का, की माझं मन राखायला आणि गावाला वाट मिळवून द्यायला तू हे रचलंस?’

विचारणारच तू. मी तीन पत्रांत तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, चौथीवर का विश्वास ठेवावा? माझ्याकडे पुरावा नाही. तुझं ते पत्र बाबांच्या कोटाच्या खिशात होतं, आणि कोट त्यांच्याबरोबर पुरला. म्हणून हॉलमध्ये जे सांगितलं नाही ते सांगते. ते कायद्याच्या कामाचं नव्हतं, आणि मला ते लोकांसमोर बोलवलं नसतं.

कोठारातून मी घरात आले तेव्हा साडेबारा झाले होते. टेबलावर मी आमच्या दोघांपुरतं मांडून गेले होते. बाबांनी माझ्या मागे आईच्या कपाटातल्या निळ्या काठाच्या बश्या काढल्या होत्या, दोन, आणि त्यांच्या कडेला एक चहाची छोटी बशी. ती मुलीसाठी. आठ महिन्यांचं मूल काय खातं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, “वाटेवर कुणी दिसलं का?” मी म्हणाले, “नाही.” ते खिडकीशी जाऊन बसले. दोन वाजता मी विचारलं, वाढू का. म्हणाले, थांबू थोडं. चार वाजता मी दूध काढायला उठले तेव्हा जेवण तसंच होतं. परत आले तर त्यांनी बश्या धुऊन, पुसून जागेवर ठेवल्या होत्या. घरात त्यांनी कधी एक कप विसळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्याच्या पुढच्या नाताळला त्यांनी त्या पुन्हा मांडल्या. त्याच्या पुढच्याही. छोटी बशी नंतर मोठी झाली, मुलगी वाढली असेल असा हिशेब त्यांनी मनात ठेवला होता. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. सात नाताळ मी त्या रिकाम्या बश्यांच्या कडेने वाढत राहिले, आणि दर वेळी मला वाटायचं की आता सांगेन, आणि दर वेळी ते तुझ्यावर थोडे अधिक रागावलेले असतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते रागावलेले कधीच नसायचे.

शेवटच्या नाताळला त्यांचे हात फार कापत होते. कपाट उघडून ते तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “थेल्मा, तेवढ्या तू मांड.”

मी मांडल्या. त्यांचं तोंड माझ्यापासून दोन हातांवर होतं, घरात आम्ही दोघंच होतो, आणि तेव्हाही मी बोलले नाही. मार्चमध्ये ते गेले. तू त्यांना हवी होतीस ग्वेंडा, शेवटपर्यंत, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

थेल्मा